दुरुस्तीनंतरचा ताप

इंजिन तापते म्हणून गाडी दुरुस्तीला द्यावी, रेडिएटर बदलून आणि बिल भरून ती घरी आणावी, आणि पुढच्याच मोठ्या प्रवासात तापमानाचा काटा पुन्हा लाल रेघेकडे सरकू लागावा, असे झाले म्हणजे आपण सहसा एकच निष्कर्ष काढतो: मूळ दोष तसाच राहून गेला. हा निष्कर्ष स्वाभाविक असला तरी बरेचदा खोटा असतो. अनेक निरनिराळ्या बिघाडांचे तापणे हे सामाईक लक्षण आहे, आणि पहिल्या वेळी ते ज्या कारणाने दिसले त्याच कारणाने दुसऱ्या वेळी दिसेल असा काही नियम नाही. दोन तापण्यांच्या मधल्या काळात जर कोणी गाडी उघडली असेल, तर दुसऱ्या वेळी पहिला संशय त्या उघडण्यावरच घ्यावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे. हे मत बनायला आमच्या गाडीचा एक उन्हाळा आणि निम्मा पावसाळा खर्ची पडला.

आमची गाडी साधी, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी आणि वयाने बरीच झालेली. इंदूर शहरात तिने कधी तक्रार केली नाही. महेश्वरला माझ्या आत्याचे घर असल्यामुळे तिकडे जाणे-येणे मात्र सतत होते, आणि त्या रस्त्यावर गाडीची खरी परीक्षा होते. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. महेश्वर नर्मदेच्या काठी, त्याहून जवळजवळ चारशे मीटर खाली. ही उंची प्रामुख्याने गुजरी आणि मानपूर यांच्या दरम्यान, गणपती घाटात चढावी लागते. उतरताना ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या अपघातांमुळे हा घाट कुप्रसिद्ध आहे, परंतु आमचा त्रास चढणीचा होता. १९७८ पासून इंदूरला नर्मदेचे जे पाणी मिळते, ते नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांच्या जोरावर हीच उंची चढून येते. आमच्या गाडीच्या पोटातल्या पाच-सहा लिटर पाण्याला मात्र तेवढी चढण सोसवेना.

पहिला बिघाड सरळ होता. हल्लीच्या रेडिएटरचा मधला जाळीचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, आणि वर्षानुवर्षे तापून-निवून ते प्लॅस्टिक ठिसूळ होते. एप्रिलच्या अखेरीस महेश्वरहून परतताना वरच्या टाकीला तडा गेला, पाणी उडाले आणि गाडी तापली. ढाब्यावरच्या एका ट्रकचालकाने रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकण्याचा सल्ला दिला. या उपायाची आपल्याकडे बरीच थट्टा होते, पण घरी पोहोचण्यापुरता तो खरोखर उपयोगी पडतो, कारण हळदीची पूड तड्यात जाऊन फुगते आणि बसते. ती नको तिथेही बसते, हा त्यातला धोका आहे. हीटरच्या बारीक नळ्यांत गेलेली हळद पुढे सहजासहजी निघत नाही आणि आमचा हीटर तेव्हापासून जेमतेम कोमट वारा देतो. इंदूरच्या हिवाळ्यात त्याचे फारसे अडत नाही. गॅरेजात रेडिएटर नवा बसला. जुन्या पंख्याची मोटर घरघर करत होती म्हणून त्याच वेळी तीही बदलली गेली. बिलात ती शेवटच्या ओळीत होती आणि त्या ओळीकडे पुढे कितीतरी दिवस कोणाचेच लक्ष गेले नाही.

मे महिन्यात त्याच घाटात गाडी पुन्हा तापली. या वेळी पाणी कुठूनही गळत नव्हते.

पुढचे समजण्यासाठी इंजिनाच्या पोटातला उष्णतेचा हिशेब थोडा मांडावा लागेल. पेट्रोलमधून जी ऊर्जा निघते तिच्यातील ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेली एक तृतीयांश थंड करणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. म्हणजे चढणीवर इंजिन जितके काम करते, जवळजवळ तितकीच उष्णता त्याच क्षणी रेडिएटरमधून हवेत जायला हवी. पाण्याचा पंप ते पाणी फिरवतो, थर्मोस्टॅट ते रेडिएटरकडे केव्हा सोडायचे हे ठरवतो, आणि रेडिएटरचे झाकण सगळी व्यवस्था दाबाखाली ठेवते. हे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीचेच काम करते. इंदूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी साधारण ९८ अंशांना उकळते; झाकणाने ०.९ बारचा दाब धरून ठेवला, की तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि त्यात निम्मे कूलंट, म्हणजे उकळबिंदू वाढवणारा द्रव, मिसळले असेल तर आणखी सात-आठ अंशांची सूट मिळते. म्हणूनच कुठलाही नवा भाग विकत घेण्याआधी त्या झाकणाचे रबर पाहावे. ते कडक झाले असेल तर बाकी सगळे ठीक असूनही पाणी उकळून राखीव बाटलीत जाते आणि मालक हेडची, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या झाकणाची, चिंता करत बसतो.

आमच्या बाबतीत हेडचीच चिंता सुरू झाली. दुसऱ्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी गाडी ऐकली, राखीव बाटलीत डोकावून पाहिले आणि सांगितले की हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामधली सील करणारी पातळ चकती, गेले आहे. अंदाज अगदी निराधार होता असे मी म्हणणार नाही. एकदा उकळलेल्या इंजिनाचे गॅस्केट जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. आमच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चाळीस सेंटिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले, तर ते पाऊण मिलिमीटरच्या जवळपास वाढू पाहते आणि खालचा ब्लॉक त्याच्या निम्म्यानेच वाढतो. ही ओढाताण रोजचीच असते आणि गॅस्केट ती सहन करते. पण पाणी संपून हेड एका बाजूला भयंकर तापले, की ते वाकते आणि मग ज्वालेचा वायू पाण्यात शिरू लागतो. वाकण्याची मुभा किती, तर बहुतेक छोट्या इंजिनांत एका मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ मिलिमीटर. सरळ पट्टी आणि फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच, लावून ते मोजता येते.

गॅस्केट गेले आहे की नाही, हे हेड न उतरवताही बऱ्यापैकी खात्रीने कळते, आणि हे मला नंतर समजले म्हणून येथे सविस्तर लिहितो. रेडिएटरच्या तोंडावर एक काचनळी बसवतात, तिच्यात निळा द्रव असतो, आणि इंजिन चालू ठेवून रेडिएटरमधली वाफ त्या द्रवातून ओढतात. पाण्यात ज्वालेचा वायू मिसळलेला असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग हिरवट आणि मग पिवळा होतो. याशिवाय सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा रबरी पाइप दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा असू शकत नाही, कारण पाणी अजून तापलेलेच नसते. तो सिलिंडरमधून आलेला असतो. या दोन्ही गोष्टी पाच-दहा मिनिटांच्या आहेत. हेड उतरवणे, लेथवर त्याचे फेसिंग करणे, म्हणजे तळ तासून सपाट करणे, नवे गॅस्केट, नवे बोल्ट आणि टॉर्क पान्याने मधून बाहेरच्या दिशेने क्रमाने कसणे, हे काम काही दिवसांचे आणि पुष्कळ पैशांचे आहे. आमच्याकडे दुसरे काम आधी झाले आणि पहिल्याचे नाव त्या गॅरेजात कोणी काढले नाही.

हेडचे काम झाल्यावर गाडी शहरात सुरेख चालली. जूनच्या पहिल्या आठवड्यात घाटात पुन्हा तापली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हा प्रकार एव्हाना स्पष्ट झाला होता, तरी आणखी एक बंब यायचा होता. तिसऱ्या मिस्त्रींनी आत्मविश्वासाने थर्मोस्टॅट काढून फेकला. आपल्या हवामानात त्याची गरज नाही, तो विलायतेतल्या थंडीसाठी असतो, ही समजूत मी इंदूरपासून पुण्यापर्यंत सगळीकडे ऐकली आहे. मेणाने भरलेला हा छोटा झडपेचा डबा साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतो आणि पाण्याला रेडिएटरचा रस्ता मोकळा करतो. तो बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापते, हे खरे आहे. म्हणून संशय आला की काढून टाकण्याची पद्धत पडली. परंतु अनेक इंजिनांत त्याच्या तळाशी दुसरी चकती असते. वरची वाट उघडत असताना ती चकती खालची आडवाट बंद करते. गार इंजिनात पाणी रेडिएटरला वळसा घालून ज्या आडवाटेने फिरते, ती हीच. थर्मोस्टॅट काढला म्हणजे ही आडवाट कायमची उघडी राहते, आणि ऐन चढणीवर पाण्याचा काही भाग रेडिएटरचे तोंडही न पाहता तापलेलाच इंजिनात परत शिरतो. इंजिन तापू नये म्हणून केलेला हा उपाय त्याला तापवण्याचे एक नवे कारण होऊन बसतो. आमच्या गाडीचे इंजिन याच जातीचे होते.

आता दोष किती होते? माझ्या हिशेबाने जुना एक, तो रेडिएटरचा, आणि तो एप्रिलमध्येच खरोखर दुरुस्त झाला होता. बाकीचे सगळे दुरुस्तीने आणलेले होते.

हा गुंता सोडवला तो माझ्या एका काकांनी. नात्याने ते आईच्या मावसबहिणीचे यजमान. नोकरीची वर्षे त्यांनी पिथमपूरला इंजिनांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिने चालवून तपासण्याच्या मंचावर, काढली. पिथमपूर आज अकरा किलोमीटरहून लांब चाचणी-मार्गामुळे, २०२१ साली सुरू झालेल्या नॅट्रॅक्समुळे, बाहेरच्यांना माहीत असते. काकांच्या उमेदीच्या काळात मात्र ती वसाहत म्हणजे शिफ्टच्या बसगाड्या आणि डिझेलचा वास. ते आले, चहा घेतला, आणि बॉनेट न उघडता त्यांनी वही उघडली.

"तापते हे कळलं. कधी तापते ते सांग," ते म्हणाले.

"घाटात, काका."

"घाटात म्हणजे काय? वेग किती असतो? गिअर कोणता? एसी चालू असतो का? थांबवलीस की काटा वर जातो की खाली येतो?"

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चमत्कारिक होते. थांबवली आणि इंजिन चालू ठेवले, की काटा हळूहळू खाली येत असे. सपाट महामार्गावर ऐंशीच्या वेगाने काहीच होत नसे. शहरातल्या सिग्नलवर काटा स्थिर असे, फक्त एसीचा गारवा कमी वाटे, आणि त्यासाठी एका एसीवाल्याने गॅसही भरून दिला होता. काकांनी ही एसीची गोष्ट वहीत लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

गाडी केव्हा तापते याचे उत्तर नीट मिळाले, तर निम्मी कारणे तिथेच गळून पडतात. वाहतुकीत उभी असताना तापते पण वेगात थंड होते, तर दोष हवेचा, म्हणजे पंख्याचा, त्याच्या रिलेचा, किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत साचलेल्या धुळीच्या पापुद्र्याचा. वैशाखात गव्हाच्या भुशाचे कण उडत असतात तेव्हा ही फट माळव्यात फार लवकर भरते. उलट वेगात तापते पण उभी असताना ठीक राहते, तर दोष पाण्याच्या प्रवाहाचा: पंपाची पाती झिजलेली, रेडिएटरच्या नळ्या बोरिंगच्या जड पाण्याच्या क्षारांनी बुजलेल्या, किंवा खालचा रबरी पाइप मऊ पडून जास्त फेऱ्यांवर आतल्या ओढीने चपटा होणारा. गार सुरुवातीपासूनच तापू लागते, तर थर्मोस्टॅट किंवा हवेचा अडकलेला बुडबुडा. कुठेही कशीही तापते आणि पाणीही कमी होते, तर गॅस्केट. याखेरीज इंजिनाबाहेरचीही कारणे असतात: चिकटून राहिलेला ब्रेक, घसरणारा क्लच, बुजलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. काकांनी जॅक लावून चारही चाके हाताने फिरवून पाहिली, कारण ब्रेक चिकटत असेल तर घाटात इंजिन आपल्याच गाडीशी भांडत असते.

आमचे लक्षण मात्र या कुठल्याच रकान्यात बसत नव्हते. उभी असताना ठीक, वेगात ठीक, आणि तीस-चाळीसच्या वेगाने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढताना उकळायला येणारी. चढणीवर भार जास्त असतो हे खरे, आणि तिन्ही मिस्त्रींनी त्यावरच बोट ठेवले होते; पण भरल्या गाडीने सपाटीवर ऐंशीने एसी लावून जाणे हाही काही कमी भार नव्हे, आणि तो भार ती निमूट सोसत होती.

काकांनी पहिले काम केले ते काट्यावर अविश्वास दाखवण्याचे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांतला काटा साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत मुद्दाम मध्यावरच ठेवलेला असतो, कारण तो जरा हलला की ग्राहक घाबरतात. म्हणून स्टीअरिंगखालच्या जोडणीत त्यांनी एक छोटा स्कॅनर खोचला आणि मोबाइलवर खरे अंश दिसू लागले. निळ्या द्रवाची चाचणी केली. द्रव निळाच राहिला. झाकणाचा दाब तपासला. तो ठीक होता. स्कॅनरवर इंजिन तापण्याची गती पाहून थर्मोस्टॅट जागेवर नाही हे त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वीच ओळखले होते, कारण पारा एकसारखा रेंगाळत चढत होता, मध्ये कुठे झडप उघडल्याची खूण नव्हती. नवा थर्मोस्टॅट आणून बसवला, हीटर पूर्ण उघडून आणि गाडीचे तोंड उंचावर ठेवून हवा काढली. "आता एकच गोष्ट बदलली आहे," ते म्हणाले, "आता घाट." दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, हा त्यांचा टेस्ट बेडवरचा दंडक होता.

महेश्वरपर्यंत जाण्याची गरज नव्हती. खंडवा रस्त्यावर सिमरोळच्या पुढे भेरूघाट आहे, तो आमच्या कामाला पुरेसा होता. एसी बंद ठेवून खालून वर यायचे, १०८ अंश दिसले की थांबायचे, असे ठरले. थर्मोस्टॅटने फरक पडला होता. तापणे उशिरा सुरू झाले, पण झाले. ९७ अंशांना पंखा सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्यानंतर पारा स्थिर होण्याऐवजी अधिकच वेगाने चढू लागला: ९९, १०२, १०५. काकांनी गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन चालू ठेवून पारा उतरू दिला, आणि मग असे काही केले की मी क्षणभर गोंधळलो. त्यांनी पंख्याचा कनेक्टर काढून टाकला. "आता पंख्याशिवाय चढव. १०५ ला थांबायचं." आम्ही खाली जाऊन पुन्हा तीच चढण चढलो. पारा १०१ पर्यंत गेला आणि तिथेच घुटमळत राहिला.

पंखा बंद असताना गाडी कमी तापत होती. याचा अर्थ एकच निघत होता, आणि तो सिद्ध करायला वर्तमानपत्राचे एक पान पुरले. गाडी उभी करून, पंखा चालू असताना, ते पान पुढच्या जाळीसमोर धरले. नीट जोडलेला पंखा हवेला पुढून मागे, इंजिनाकडे ओढतो, म्हणून कागद जाळीला चिकटून बसला पाहिजे. आमचा कागद हातातून सुटून रस्त्यावर उडाला.

नवी मोटर बसवताना जुन्या कनेक्टरची घडण जुळली नव्हती, म्हणून तारा कापून जोडल्या होत्या आणि धन-ऋण उलटे झाले होते. विजेवर चालणाऱ्या अशा साध्या डीसी मोटरच्या तारा अदलाबदल केल्या, की ती तक्रार न करता उलटी फिरते. पूर्वीच्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. तो कुणी वाटेल तसा जोडू म्हटले तरी त्याची दिशा इंजिन ठरवी. विल्हेल्म मायबाखने १९०१ च्या मर्सिडीजला ८,०७० बारीक नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला, तेव्हाच त्याच्या मागे पंखाही ठेवला होता, कारण गाडी हळू चालते तेव्हा नुसत्या समोरच्या वाऱ्यावर भागत नाही हे त्याने ताडले होते. त्याच्या आधी, १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ मानहाइमहून फोर्त्सहाइमला नवऱ्याची मोटार घेऊन निघाली, तेव्हा तिच्या इंजिनातले पाणी सरळ उकळून उडून जात असे आणि वाटेत पुन:पुन्हा भरावे लागे. उकळू द्यायचे आणि भरत राहायचे, ही मोटारीची सर्वांत जुनी शीतनपद्धत आहे. मे महिन्यात आम्ही नकळत तिच्याकडेच परतलो होतो.

लक्षणांचा मेळ आता एकेक करून बसला. गाडी उभी असताना उलटा पंखा इंजिनाकडची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. पात्यांची वळणे उलट्या फिरण्यासाठी केलेली नसल्यामुळे तो दुबळा होता, तरी नुसत्या चालू इंजिनाची उष्णता वाहून नेण्याइतका वारा त्यातून निघत होता. ऐंशीच्या वेगात समोरचा वारा इतका जोरकस असतो की पंखा कुठल्या बाजूने फिरतो याला काही महत्त्व राहत नाही, आणि बहुधा तो चालूही होत नसे. मधल्या वेगात मात्र, आणि तेही चढणीवर, पुढून येणारा वारा आणि मागून ढकलणारा पंखा एकमेकांना रेडिएटरच्या जाळीतच अडवून धरत. जिथे हवा सर्वांत जास्त हवी तिथेच ती थांबत होती. सिग्नलवर एसी का मंदावत होता, तेही यातच आले: एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्याच्यावर इंजिनाची झळ फुंकली जात होती. काकांनी दोन रेघा मारल्या होत्या त्या यासाठी.

पहिल्या गॅरेजात जाऊन हे सांगितले, तेव्हा तिथल्या मुलाने बॉनेट उघडून पंख्याकडे पाहिले आणि अगदी निष्पापपणे म्हणाला, "पंखा तो चल रिया है, भिया." तो चालत होता यात शंका नव्हती. तिन्ही ठिकाणी तो चालताना पाहिला गेला होता आणि प्रत्येक वेळी त्याला निर्दोष ठरवून पुढच्या, अधिक महागड्या भागाकडे बोट वळले होते. त्या मुलाला दोष देण्यात मला रस नाही. मिस्त्रीला पैसे बदललेल्या भागाचे मिळतात; दोन तास वही घेऊन प्रश्न विचारण्याचे, आणि पाच लिटर पेट्रोल जाळून घाट चढण्या-उतरण्याचे पैसे कुठल्या बिलात लिहायचे? ग्राहकालाही हातात काही नवे दिसले तर बिल पटते. निदानासाठी वेगळी रक्कम मागणारा मिस्त्री आपल्याकडे लुच्चा ठरतो, आणि न विचारता हेड उतरवणारा अनुभवी. ही रीत जोवर आहे तोवर चांगल्या हातांचे मिस्त्रीदेखील अंदाजानेच काम करत राहतील.

तारा अदलाबदल करून, डाग लावून पक्क्या करायला पंधरा मिनिटे लागली. पाऊस ओसरल्यावर आम्ही घरचे चौघे महेश्वरला जाऊन आलो. परतीच्या चढणीवर एसी चालू होता, मागे आत्याने दिलेली पोती होती, आणि मोबाइलवरचा आकडा ९८ च्या वर गेला नाही. पंखा सुरू झाला की तो ९३ पर्यंत उतरे आणि पंखा थांबे.

हेडचे जे झाले ते मात्र परत मिळणार नाही. लेथवर त्याचा जो थर उतरवला गेला तो उतरला, आणि अशा हेडला पुन्हा एकदा फेसिंग करण्याची वेळ आली तर कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत ते बसेल की नवे घ्यावे लागेल, हे आधी मोजावे लागेल. मुळात ते वाकलेले होते का, याचेही उत्तर आता मिळणे नाही. त्या गॅरेजात फीलर गेज लावल्याचे कोणाला आठवत नाही, आणि जुने गॅस्केट, ज्याच्यावर वायू फुटल्याची काळी रेघ असती तर ती दिसली असती, भंगारात गेले.

सध्या राखीव बाटलीतली पातळी बोटभर उतरली आहे. पाण्याच्या पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते, आतले सील झिजले की त्यातून पाणी झिरपून इशारा मिळावा म्हणून. तिथे कूलंटची वाळलेली गुलाबी रेघ दिसू लागली आहे. काकांच्या मते पंप दिवाळीच्या आत बदलावा लागेल. त्यांनी अटी फोनवरच सांगून ठेवल्या आहेत: त्या दिवशी पंप आणि त्याचा पट्टा यांखेरीज काहीही बदलायचे नाही, थर्मोस्टॅटला कोणाला हात लावू द्यायचा नाही, कूलंट भरताना बोरिंगचे पाणी घालू द्यायचे नाही, आणि जुना पंप पिशवीत घालून घरी घेऊन यायचा.